बावीस हुक

“श्वास सोड,” मी म्हणाले. “पुरता सोड, आणि पोट आत घे.”

“पोट ठेवलंय कुठे मावशी, आत घ्यायला?” केतकी म्हणाली. मग हसू आलं तसं तिनं दोन्ही हातांनी टाके धरले. हसलं की ओढ बसायची.

पलंगाची दांडी धरून ती कमरेत वाकून उभी होती. पंधरा दिवस सरळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तिच्या कुशीला गुडघ्यांवर बसून पट्ट्याचे हुक लावत होते. पट्टा म्हणजे अंगाच्या रंगाचं, ताणलं जाणारं जाड कापड, छातीच्या खालपासून अर्ध्या मांडीपर्यंत येणारं. डाव्या बाजूला हुकांची उभी रांग आणि हुकांवरून चेन. हुक मोजून बावीस. खालून वर लावत जायचं. एक चुकला की पंधरा-सोळा काढून पुन्हा पहिल्यापासून. दवाखान्यातल्या मुली त्याला गारमेंट म्हणायच्या. मी आपली पट्टाच म्हणायची.

“आवळतंय का ग?”

“काय की. मला पोटावर काही कळतच नाही. बरगडीला आवळतंय तेवढं कळतं.”

“सवय होईल,” मी म्हणाले आणि बाविसावा हुक लावला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. केतकी माझ्या धाकट्या बहिणीची, मंदाची, एकुलती एक मुलगी. तेव्हा पस्तिशीची होती. दोन बाळंतपणांत तिचं अंग अतोनात सुटलं आणि काटा शंभराच्या पुढे गेला. पण पोरगी आईसारखीच हट्टी. तीन वर्षं रोज पहाटे चालून, तोंड आवरून तिनं चाळीस किलो उतरवले. वजन गेलं, कातडी मात्र मागे राहिली. पोटाची कातडी मांडीवर लोंबायची, तिच्या घडीत उन्हाळ्यात चट्टे पडून रक्त यायचं. ती जादा कातडी कापून, उरलेली खाली ओढून शिवून टाकायची शस्त्रक्रिया तिनं पुण्यात करून घेतली. नवरा मस्कतला नोकरीला, तो हो म्हणाला होता. सासरी मात्र हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. मुलं सासूपाशी ठेवली. मंदाला जाऊन चार वर्षं झाली होती, म्हणजे माहेर असं उरलंच नव्हतं. म्हणून नवव्या दिवशी, जखमेतलं पाणी काढायला घातलेल्या नळ्या काढल्यावर, ती गाडी करून वाईला माझ्याकडे आली.

एवढा जिवाचा आटापिटा कशासाठी, असं मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं. माझी जीभ तशी सैलच. तर ती खाली बघत म्हणाली, “सहा वर्षांत मी याच्यासमोर एकदाही साडी बदलली नाही, मावशी. वैशाखात तो रजेवर येतोय.” एवढ्याशा गोष्टीसाठी बाई अंग कापून घेते, याचं मला वाईट वाटलं. त्याहून जास्त वाईट वाटायचं कारण वेगळं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं.

तीस वर्षं मी वाईत घरोघरच्या बाळंतिणींचं केलं. न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, शेक द्यायचा, ओवा-शेपाची धुरी द्यायची आणि पोट बांधायचं. पोट बांधण्यात माझा हात धरणारी बाई आसपासच्या चार गावांत नव्हती. जुन्या सुती लुगड्याची पट्टी घेऊन अशी आवळायची की चाळीस दिवसांत बाई लग्नाच्या ब्लाउजात बसली पाहिजे. आधी मात्र शेक हवाच. शेकाला वीट. शेगडीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि पोटावर ठेवायची. किती वेळ ठेवायची ते घड्याळात बघायचं नसतं. बाळंतीण ‘हूं’ म्हणते, तेव्हा उचलायची. आमच्या कामात तोच काटा आणि तेच माप. माझ्या तळहातांना विस्तवानं घट्टे पडलेले, हातांना काही कळायचं नाही, पण बाळंतिणीच्या ‘हूं’वर माझा कान असायचा. तीस वर्षांत एकीला फोड आला नाही, हे मी चारचौघींत छाती काढून सांगायची.

आणि अशा माझ्या हातून केतकीची दोन्ही बाळंतपणं झाली नाहीत.

मला मूल झालं नाही. त्याचं दुःख मी कधी वेशीला टांगलं नाही. केतकीच्या पहिल्या खेपेला मंदानं तिचं डोहाळजेवण केलं. बायका ओटी भरायला उठल्या, तशी मीही नारळ घेऊन उठले. मंदानं माझा दंड धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, “ताई, तू नको. तिच्या सासूकडच्या बायकांना चालायचं नाही.” गावभरच्या सुनांच्या पोटाला माझा हात चालत होता, पण माझ्या भाचीच्या ओटीत माझा नारळ चालत नव्हता. मी नारळ तिथंच तुळशीपाशी ठेवला आणि न जेवता एसटी धरली. मुलगी झाली तेव्हा मंदानं निरोप पाठवला, मी गेले नाही. तीन वर्षांनी मुलगा झाला तेव्हा ती स्वतः आली आणि उंबऱ्यात बसून राहिली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. मला काम आहे, म्हणाले. काम काही नव्हतं.

मग मंदा गेली, आणि ते भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं.

म्हणून, केतकीच्या पोटाची कातडी कापणार असं कळलं तेव्हा माझ्या मनानं एकच घेतलं. हे पोट वेळच्या वेळी मी बांधलं असतं, तर आज कापायची पाळी आली नसती. हे खरं नव्हतं. डॉक्टरांनी पुढं कधीतरी सांगितलं, एवढं वाढून उतरल्यावर कातडी सुटायचीच. पण तेव्हा मला कोण सांगणार आणि कुणी सांगितलं तरी मी कुठं ऐकणार होते?

ती येणार त्या दिवशी सकाळीच मी माळ्यावरची शेगडी काढून घासली. एक नवी वीट आणून धुतली आणि दाराशी उन्हात वाळत ठेवली. गाडीतून उतरून केतकी वाकत वाकत दाराशी आली आणि त्या शेगडीपाशी थांबली.

“हे काय ग मावशी?”

“तुझ्यासाठी,” मी म्हणाले.

तिनं शेगडीकडे पाहिलं, विटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत आली.

संध्याकाळी तिनं दवाखान्यातून दिलेला सूचनांचा कागद मला वाचून दाखवला. मी समोर बसून वाती वळत होते. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला आला होता, बारीक अक्षर लागत नव्हतं. पट्टा दिवसाचे तेवीस तास अंगावर हवा, सहा आठवडे. काढायचा तो फक्त अंग पुसायला आणि धुवायला. दर चौथ्या दिवशी हातानं धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. जड उचलू नये, वाकून केर काढू नये. नळ्यांच्या छिद्रांतून थोडं पाणी पाझरेल, घाबरू नये. वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी ठेवून दिली.

खरं तर पट्टे दोन असायला हवे होते, एक धुतला की दुसरा घालायला. पण दुसरा मापात बसला नाही म्हणून परत पाठवला होता आणि नवा यायचा होता. म्हणजे धुवायच्या दिवशी पट्टा वाळेपर्यंत ती तशीच पडून राहणार. केतकीनं दवाखान्यात फोन करून विचारलं, तर तेवढा वेळ गुडघ्याखाली उशी घेऊन स्वस्थ झोपा, चालू नका, असं तिथल्या मुलीनं सांगितलं.

चौथा दिवस उजाडला. पौषातली थंडी होती, फरशीवर पाय ठरत नव्हता. मी पट्टा कोमट पाण्यात धुतला आणि मागच्या पडवीत दोरीवर टाकला. तिच्या अंगावर चेनीचे आणि शिवणींचे वळ उमटले होते. पोट मी त्या दिवशी पहिल्यांदा निवांत पाहिलं. सपाट, ताठ, मधोमध नवी बेंबी आणि या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाक्यांची रेघ. केतकी उताणी पडून त्यावरून बोटं फिरवत होती. म्हणाली, “दुसऱ्याच कुणाच्या अंगावरून हात फिरवतेय असं वाटतं बघ.” पण तिचा चेहरा खुलला होता. सहा वर्षांत तिनं स्वतःचं पोट असं बघितलं नसावं.

“गार पडलीयस,” मी म्हणाले. “थोडा शेक देते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, मनात आईची आठवण आली असेल.

“दे,” ती म्हणाली.

मी वीट तापवली, लुगड्याच्या दुहेरी फडक्यात गुंडाळली आणि टाक्यांच्या वर, बेंबीच्या खाली अलगद ठेवली. हातावर टेकवून बघितली होती, ठीक वाटली. मग नेहमीसारखी पलंगाच्या कडेला बसून ‘हूं’ची वाट बघू लागले.

केतकीनं डोळे मिटले होते. तिनं विचारलं, माझ्या वेळी आईचं पोट तूच बांधलं होतंस ना? मी म्हणाले, नाहीतर कुणी? मग मी तिला तिच्या जन्माचं सांगत बसले. मंदा शेकाला कशी भ्यायची, वीट दिसली की आधीच कशी ‘हूं हूं’ करायची, आणि मी तिला कशी दटावायची, की अजून ठेवलीसुद्धा नाही ग बये. केतकी डोळे मिटूनच हसली. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं.

“दुखतंय का?”

“नाही. बरं वाटतंय. सांग अजून.”

मी सांगत राहिले. ‘हूं’ काही आलं नाही. वीट निवली, तशी मी पुन्हा तापवून आणली. मला वाटलं, पोरीला सोसतोय, अंगात गारठाच तेवढा मुरलाय. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा पोटावर लाली आली होती. रक्त खेळायला लागलं, म्हणून मला आनंद झाला. संध्याकाळी पट्टा वाळला. तिला उभी करून मी बावीस हुक लावले आणि चेन वर ओढली.

त्या रात्री मला फार वर्षांनी गाढ झोप लागली. मंदाचं काहीतरी फेडलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर ओलसर डाग दिसला. कागदात पाझरण्याचं होतंच, म्हणून आम्ही वरून कापूस ठेवला. तिसऱ्या दिवशी डाग पसरला, केतकीचं अंग कोमट लागायला लागलं आणि पांघरूण सारलं की एक वास यायचा. बाळंतिणीच्या खोलीत मी नाना वास घेतलेत. तो वास चांगला नव्हता. तरी तिचं आपलं एकच, दुखत नाही ग, कशाला उगीच काढायचा पट्टा, तेवीस तास ठेवायचा असतो. संध्याकाळी मी तिचं ऐकलं नाही. चेन उतरवली, वरून खाली एकेक हुक सोडला. पट्टा सुटला, पण पोटावरून निघेना. पाणी लावून लावून तो सोडवावा लागला.

खाली विटेचा आकार होता. चारही कोपरे नीट कळत होते. आतली कातडी पांढुरकी तपकिरी झालेली, वाळल्या चामड्यासारखी कडक, आणि कडेनं फुटलेले फोड.

“काय झालं ग?” केतकी मान उचलायचा प्रयत्न करत म्हणाली. “मला तर काही कळत नाही.”

हे वाक्य मी गेले सहा दिवस ऐकत होते. त्याचा अर्थ मला त्या घटकेला कळला.

पुण्याला पोचेपर्यंत मी तिचा हात धरून बसले होते. डॉक्टर मध्यम वयाचे, हळू बोलणारे होते. त्यांनी पोट पाहिलं आणि कुणीतरी शेक दिलाय, कुणी दिला, असं विचारलं.

“मीच,” केतकी म्हणाली. “गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि झोप लागली.”

डॉक्टरांनी त्या कोपऱ्यांकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात पदराखाली घेतले. त्यांनी नीट समजावून सांगितलं. शिवताना कातडी खालून पूर्ण सोडवावी लागते, तेव्हा तिच्या नसा तुटतात. कित्येक महिने तिला चटका कळत नाही. रक्तही बेताचंच पोचत असतं, त्यामुळे एरवी नुसती लाल होईल एवढ्या उष्णतेनंसुद्धा ती मरते. ते सांगत होते केतकीला, बघत होते माझ्याकडे. तीस वर्षांचा तोरा मिरवणारी मी, भाचीच्या खोट्याआड लपून उभी राहिले. त्याची लाज मला अजून वाटते आणि वाटायलाच हवी.

मेलेली कातडी कापून काढावी लागली. ताणून शिवलेलं होतं, त्यामुळे टाक्यांची रेघही मधोमध उकलली. पाच महिने जखम उघडी होती. सासरी सगळं कळलं. देवानं दिलेलं अंग कापायला गेली, घे आता, असं सासू मुलांच्या देखत बोलली. वैशाखात नवरा आला. माणूस चांगला, ड्रेसिंग मी करतो, शिकून घेतो म्हणायचा. केतकीनं त्याला करू दिलं नाही. नर्स आली की खोलीची कडी लावून घ्यायची. तो बाहेर बसून राहायचा. महिन्यानं रजा संपली आणि तो परत गेला. मांडीची कातडी काढून पोटावर लावली ती त्यानंतर.

आषाढात जखम भरली. डॉक्टरांनी पुन्हा तसाच पट्टा दिला. व्रण वर उठू नये, दबून राहावा म्हणून वर्षभर घालायचा होता. तो नीट बसतो का बघायला मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. तिथल्या मुलीनं पट्टा आणून दिला आणि पडदा ओढून ती बाहेर गेली. पोट माझ्यासमोर होतं. मधोमध वेगळ्या रंगाची, चुणीचुणीची कातडी, कडेनं दोरीसारखा जाड व्रण.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “केतकी, आज मी डॉक्टरांना सांगते, शेक मी दिला.”

“त्यांना माहीत आहे,” ती म्हणाली. “सांगून काय व्हायचंय?”

“निदान तुझ्यावरचा आळ तरी जाईल. तुझी सासू म्हणते, स्वतःच्या हातानं केलंन.”

केतकी पट्टा हातात धरून चेन खालीवर करत राहिली.

“ते खोटं नाही,” ती शेवटी म्हणाली. “मावशी, तो कागद मी तुला पुरता वाचून दाखवला नव्हता. शेवटून तिसरी ओळ होती. पोटावर कसलाही शेक देऊ नये, त्वचेला संवेदना नसते. मी ती गाळली.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, का गाळलीस?

“दाराशी शेगडी मांडून ठेवली होतीस तू. वीट धुऊन ठेवली होतीस.” तिचा आवाज चढला नव्हता. “पहिल्या वेळी मी वाट बघितली. दुसऱ्या वेळीही बघितली. आई रोज म्हणायची, येईल, ताईचा राग असा टिकायचा नाही, येईल ती. आणि इतक्या वर्षांनी तू माझ्यासाठी शेगडी काढलीस. तुला नाही कशी म्हणू? मला वाटलं, थोड्याशा शेकानं काय होतंय.”

मी खाली बसले. गुडघ्यांवर बसायचंच होतं, हुक लावायला. पहिलाच हुक दोनदा निसटला. केतकी भिंतीला धरून सरळ उभी राहिली. आता तिला वाकायचं कारण नव्हतं.

पहिला लागला. मी विचारलं, आवळतंय का?

“हूं,” ती म्हणाली.

दुसरा लावला, पुन्हा विचारलं.

“हूं.”

तिला पोटावर काही कळत नव्हतं. त्या कातडीला पुढंही कधी जाण आली नाही. पण मी विचारत होते म्हणून ती सांगत होती. बावीस हुक होईपर्यंत मी विचारत राहिले, आणि बावीसही वेळा ती हूं म्हणाली.